नाईट शिफ्टखालची बासरी

मले बासरीची काही हौस नव्हती. मले एवढंच पाहिजे होतं, की घरातल्या एखाद्या माणसानं माझं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकून घ्यावं. मुलगी हैदराबादले असते. फोन लावला की माझ्या दुसऱ्या वाक्याले 'आई, मीटिंग में हूँ' म्हणते. आमच्या मंडळातल्या बाया समोरचीचं तोंड कधी बंद होते याची वाट पाहत बसतात, अन् ते आपलं सुरू करायसाठी. राहिले आमच्या घरचे. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये, रेल मिलमध्ये, सारी नोकरी काढून रिटायर झाले अन् सोफ्याच्या एका कोपऱ्यात पेपर घेऊन बसले, ते बसलेच. मी काहीही सांगितलं तरी 'हो' म्हणत. भाजी संपली, हो. सिलिंडर आणायचं आहे, हो. एकदा मी चिडून म्हटलं, मी तुमसरले माहेरी चालली, आता परत येत नाही. त्याले पण 'हो'च आलं.

बोलून काही उपयोग होत नाही, तर आता वाजवूनच पाहू, असं मी ठरवलं. पण वाजवायचं काय? नणंद जुनवानीले राहते, मोठं घर आहे तिचं. तिच्याकडे हार्मोनियम आहे. हार्मोनियमवर क्रोशाचा रुमाल आहे, रुमालावर नातवाचा फोटो आहे, अन् तो फोटो हलवायची आजपर्यंत कोणाची हिंमत झाली नाही. तबल्याले मांडी घालून बसावं लागते, ते माझ्या गुडघ्यायले मंजूर नाही. उरली बासरी. बांबूचा एक तुकडा, बोटायसाठी सहा भोकं अन् फुंकायसाठी एक. याच्यात शिकण्यासारखं असं काय आहे, मले वाटलं. चूल फुंकून फुंकून आमचा जन्म गेला.

आमच्या भिलाईत पॉवर हाऊस म्हणतात त्या भागातल्या बाजारात एक वाद्यांचं दुकान आहे. दुकानदारानं आधी माझ्या मागं कोणी पोरगंबिरगं आहे का, ते पाहिलं. माझ्यासाठीच पाहिजे म्हटल्यावर त्यानं एक बासरी काढली, पदरानं पुसावी तशी गमछ्यानं पुसली अन् एक तान अशी घेतली, की बाहेर फळं घेणाऱ्या बाया वळून पाहायले लागल्या. मी तिथंच फसली. वाजते ते त्या माणसाचं तोंड, विकते तो बांबू, हे माझ्या ध्यानात घरी आल्यावर आलं. मी लांब, जाडजूड बासरीवर बोट ठेवलं होतं, तर त्यानं माझे हात पाहिले अन् म्हणाला, 'आंटी, बड़ी आपसे नहीं होगी, उँगली छोटी है.' खरंच होतं ते. पोळ्या लाटून बोटं जाड होतात, लांब होत नाहीत. छोटी घेऊन आली.

घरी आल्यावर छोटीनं मौन धरलं. मी फुंकून राहिली अन् तिच्यातून नुसती हवा येऊन राहिली. गाल दुखले, डोळ्यापुढं काजवे चमकले, शेवटी भिंतीले टेकून खालीच बसली. हे सोफ्यावरून पाहून राहिले होते. मी मान वर केली तर यायनं अंगठा दाखवला, मस्त म्हणून. मले वाटलं थट्टा करून राहिले. पण आमच्या घरच्यायनं लग्नापासून एक थट्टा केली नाही, तर ती आत्ताच कावून करतील?

मग मोबाइलवर एक सर धरले. धरले म्हणजे त्यांचे रेकॉर्ड केलेले धडे घेतले. सरायचे केस डोळ्यावर येत अन् ते दर वाक्याले केस मागं करून 'फील कीजिए' म्हणत. हवा ओठाच्या कोणत्या कोन्यातून सोडायची ते सांगत नसत, फील मात्र रोज करवत. स्वतः एक सूर वाजवत, मग आमच्यासाठी थोडं थांबत, अन् त्या शांततेले हात जोडून म्हणत, 'वाह, बहुत सुंदर बजाया आपने.' मी तेव्हा किचनमध्ये दुधाजवळ असली तरी माझं सुंदरच होत होतं.

अन् एका सकाळी बासरी वाजली. 'सा' होता की दुसरं काही, मले माहीत नाही, पण आवाज होता. असा बारीक अन् टोचरा, की गॅलरीतली कबुतरं उडाली. मी हरखून गेली. त्याच दिवसापासून माझे वाईट दिवस सुरू झाले.

आमच्या वरच्या क्वार्टरमधला माणूस प्लांटमध्ये क्रेन चालवते. भिलाईत शेजाऱ्याची जात-गाव माहीत नसलं तरी चालते, शिफ्ट माहीत पाहिजे. कोणाची नाईट असली की दुसऱ्या दिवशी त्या घराखाली कोणी मसाला कुटत नाही, पोरं अंगणात बॅट काढत नाहीत, भंगारवाला पण गल्लीच्या तोंडाशीच ओरडून परत जाते. मी या गावात म्हातारी होऊन राहिली, मले हे सांगायची गरज नव्हती. पण सूर निघाल्याच्या खुशीत मी शिफ्ट विसरली. दुपारी वरची बाई तळलेल्या गोड खुर्मीची प्लेट घेऊन खाली आली. छत्तीसगढी बाई, बोलायले मोठी गोड. म्हणे, 'आंटी, आपका कुकर बिगड़ गया है क्या? सुबह से सीटी रुक ही नहीं रही.' मी म्हटलं, कुकर नाही, मी आहे. तिनं प्लेट माझ्या हातात दिली. मग म्हणाली, इस उमर में कुछ न कुछ करते रहना चाहिए. खुर्मी मी ठेवून घेतली, पण तिची रिकामी प्लेट परत करायले मले लय दिवस लागले.

नणंद आली, पर्स मांडीवरच धरून बसली. मी कशीबशी सरगम चढली अन् अर्ध्यातून उतरली. तिनं विचारलं, 'वहिनी, हे आणखी कधीपर्यंत चालणार आहे?' मुलीले फोनवर वाजवून दाखवलं तर तिचं नेटवर्क गेलं. मी थांबल्याबरोबर नेटवर्क परत आलं, हा एक चमत्कारच म्हणायचा.

टिकला फक्त एक माणूस. रोज सकाळी चहा झाला की मी समोरच्या खुर्चीवर बसो अन् हे पेपर गुडघ्यावर ठेवून माझ्याकडं पाहत. उठणं नाही, जांभई नाही, टीव्ही लावणं नाही. मी थांबली की अंगठा वर. आता मिलमध्ये काम केलेल्या माणसाच्या अंगठ्याची किंमत तुमाले सांगून ठेवते. तिथं रूळ तयार होताना असा आवाज असते, की तोंडानं बोलायची सोयच नाही. सारं काम हातावर चालते. तळहात खाली म्हणजे उतरव, मूठ बांधली म्हणजे थांब, अंगठा वर म्हणजे सब ठीक. त्या अंगठ्यावर तिथं टनावारी लोखंड हलते. असा अंगठा हे मले रोज देऊन राहिले होते.

खरं सांगते, मी त्या अंगठ्यावर भाळली. एवढा संसार झाला, पोरगी उजवली, अन् आता कुठं या माणसाले माझं ऐकावंसं वाटून राहिलं, म्हणून मी फुलली होती. पाटवडीचा रस्सा केला, वरणावर तूप जरा जास्त सोडलं. मंडळात सांगत सुटली, की आमच्या घरचे एक शब्द न बोलता रोज ऐकतात. ज्या बायायचे नवरे त्यांच्या बोलण्यात मधातच टीव्हीचा आवाज वाढवतात, त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. मी मुद्दाम पाहत होती.

मग वरच्याची पुन्हा नाईट लागली. या वेळी मी शहाणी झाली होती. मोबाइलवरच्या सरायनं सांगितलं होतं, की आवाज करायचा नसला तर न फुंकता नुसती बोटं चालवा, तोही रियाजच आहे. मी नेहमीसारखी यायच्यासमोर बसली, बासरी ओठाले लावली अन् श्वास नाकातच ठेवला. बोटं उचलली, बोटं झाकली. सरगम वर नेली, खाली आणली. घरात फक्त पंख्याचा आवाज होता. हे मान हलवत होते. मी बासरी खाली ठेवली तर यायनं अंगठा वर केला, अन् कधी नाही ते बोलले.

'आज लय साफ वाजली. कालच्यापेक्षा मस्त.'

मी पुन्हा बासरी लावली, पुन्हा नुसती बोटं नाचवली. पुन्हा मान हलली, पुन्हा अंगठा. मग मी उठली, सोफ्याच्या मागं जाऊन उभी राहिली, अन् नाईट गेली खड्ड्यात म्हणून छातीत होती तेवढी हवा त्या बांबूत घातली. वर पलंग करकरला. खिडकी उघडली, खिडकी आपटली. यायनं शांतपणे पेपरचं पान उलटलं.

मले आधी राग आला, रडू मागून आलं. ती सगळी 'हो' मले एकदम आठवली. भाजीचं हो, सिलिंडरचं हो, अन् ते तुमसरचं हो. माझ्या माहेरी जाण्याले माणूस हो म्हणते म्हणून मी तेव्हा किती दिवस उशीत तोंड खुपसून झोपली होती, अन् याले मी काय बोलली तेच ऐकू आलं नव्हतं. मी समोर येऊन, तोंडापुढं तोंड आणून विचारलं, की कधीपासून ऐकू येत नाही? यायनं आधी चष्मा पुसला. म्हणे, येते, थोडं थोडं येते. मिलमध्ये सगळ्यायचं असंच होते, त्याच्यात काय सांगायचं. मी म्हटलं, मग हो कावून म्हणता? तर म्हणे, 'तुझं तोंड थांबलं की मी हो म्हणतो. आतापर्यंत त्याच्यावर भागलं.'

'अन् बासरी?'

'बोटं पाहत होतो. बोटं चांगली चालतात तुझी.'

आता या उत्तराले काय करावं, मारावं की ओवाळावं, मले समजेना. मी दोन्ही केलं नाही. स्कूटरवर मागं बसली अन् यायले कानाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं काचेच्या खोलीत बसवून डोक्याले हेडफोन लावले, कागदावर एक रेघ काढली. ती रेघ सुरुवातीले बरी चालत होती अन् मग बागेतल्या घसरगुंडीसारखी खाली गेली. जाड आवाज बऱ्यापैकी शाबूत आहेत, बारीक आवाज गेले, मशीन लावा, असं त्यानं सांगितलं. परत येताना हे घराच्या फाटकाशी म्हणाले, मशीन म्हातारे लोक लावतात. हे बोलणाऱ्याच्या मिशा दर रविवारी काळ्या होतात, कलपाची वाटी मीच घासते. मी लय डोकं फोडलं. मुलगी फोनवर रागावली, तिले तर यायनं नुसतं 'हो' म्हटलं.

बरं, म्हटलं. बारीक गेले, जाड आहेत ना? मी पुन्हा पॉवर हाऊसले गेली. दुकानदारानं मले ओळखलं. मी लांब, जाड आवाजाच्या बासरीवर बोट ठेवलं तर तेच पालुपद, आंटी आपसे नहीं होगी. मी म्हटलं, तुम बाँध के दो.

नव्हतीच होत. भोकं अशी दूर दूर, की एक झाकावं तर दुसरं उघडं पडे. मनगट भरून आलं, बोटायले गोळे आले. मोठ्या मुश्किलीनं वरची तीन भोकं झाकली जायले लागली, अन् तेवढ्यात एकच सूर निघते. सरगम नाही, गाणं नाही, एक 'सा'. वरच्याची फर्स्ट शिफ्ट असली, म्हणजे सकाळी तो घरी नसला, की मी किचनचं दार लावून तेवढाच घोटत बसली. आवाज जाड होता खरा, पण मधातच फाटत होता, थरथरत होता, कधी नुसतीच हवा होऊन जात होता. सरायनं हा ऐकला असता तर तेही फील करणं सोडून देते.

एका सकाळी हे सोफ्यावर पेपर वाचून राहिले होते, माझ्याकडं पाठ होती. मी किचनच्या दारात उभी राहिली.  यायले माझी बोटं दिसत नव्हती, तोंड दिसत नव्हतं. नाही ऐकू आलं तर मी परत काही बोलणार नाही अन् वाजवणार नाही, असं मी ठरवूनच आली होती. श्वास घेतला अन् फुंकली.

पेपर खाली आला. मान वळली.

'कोण कण्हून राहिलं?'

मी थांबली नाही, दम संपेपर्यंत फुंकली. हे उठले, चष्मा वर करून माझ्यापर्यंत आले. आधी बोटं पाहिली, पण ती हलतच नव्हती. मग तोंड पाहिलं. मग डोळे मिटले अन् म्हणाले, पुन्हा वाजव. मी पुन्हा वाजवलं. मिटल्या डोळ्यानं, मान तिरपी करून पूर्ण ऐकलं. मी अंगठ्याची वाट पाहत होती. अंगठा काही आला नाही.

'लय बेसूर आहे,' हे म्हणाले. 'रोज असंच वाजवत होती?'

'याच्याहून वाईट.'

इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या एखाद्या गोष्टीले या घरात हो आलं नव्हतं. मी मोरीत जाऊन नळ सोडला अन् पोट भरून रडली. तोंड धुतलं, पदरानं पुसलं, परत येऊन समोरच्या खुर्चीत बसली अन् बासरी उचलली. यायनं कपाळाले आठ्या घातल्या, पेपर बाजूले ठेवला अन् शेवटपर्यंत ऐकलं.