कोरडा दोरा

रोज सकाळी चहा झाला की मास्तर एक सुई ओवायचे. शिवायला काही असो वा नसो. सुई उशीत उभी खोचायची, कोपरं टेबलावर टेकवायची, दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करायचं, दातांत चपटं करायचं आणि नेढ्यात घालायचं. पन्नास वर्षं कपडे शिवले होते त्यांनी. कंपवात झाला, पुढच्या खोलीतलं दुकान सुनेच्या हाती गेलं, तरी हा नेम सुटला नाही.

"हात हलतो, सुई हलत नाही," ते सुनेला म्हणायचे. "दोघांपैकी एक शहाणं असलं की भागतं."

मग बायको गेली आणि मास्तरांचं बोलणंच आटलं. डॉक्टरांनी उदासीवर गोळी दिली. महिन्याभरात ते धड जेवू लागले, सुनेच्या शिलाईला पुन्हा नावं ठेवू लागले. घराला हायसं वाटलं. सुई मात्र ओवली जाईना. आठ दिवस खटपट केली, नवव्या दिवशी त्यांनी आपल्या मशीनवर चादर टाकली.

"गिऱ्हाईक बघ हिला. माझे हात संपले."

सुनेने गिऱ्हाईक बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्यांच्यापुढे सुई ठेवली आणि शेजारी बसून पाहत राहिली. हात रोजच्याइतकाच हलत होता. दोऱ्याचं टोक मात्र पिंजारलेलं, आणि तिसऱ्यांदा जिभेवर फिरवूनही कोरडं ठणठणीत.

"बाबा, तोंडाला कोरड पडते?"

"पडते. त्यात काय?"

"उठताना भोवळ?"

"जराशी. वय झालं की."

"नवी गोळी सुरू झाल्यापासून ना?"

मास्तर दोऱ्याकडे बघत राहिले. "डॉक्टर हाताचं विचारतात. थुंकीचं कोण सांगत बसतं?"

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. बसवून आणि उभं करून रक्तदाब मोजला. ती गोळी हळूहळू उतरवत दुसरी सुरू केली, आणि आपल्या मनाने काही बंद करायचं नाही, हे दोनदा बजावलं.

महिन्याभराने एका सकाळी दोरा नेढ्यातून पार गेला. मास्तरांनी सुई उजेडात धरून पाहिली, मग उठून मशीनवरच्या चादरीची घडी घातली. सावकाश, टेबलाला धरून.

पुढची चार वर्षं दुकानातली सगळी बटणं त्यांच्याकडे होती. थोडी वाकडी, पण पक्की. आयुष्यातल्या शेवटच्या दुपारी नातीच्या फ्रॉकला बटण लावून झाल्यावर त्यांनी दोरा दाताने तोडला आणि म्हणाले,

"सूनबाई, पांढरं रीळ संपत आलंय. बाहेर गेलीस तर आण."