पोळ्याच्या दिवशी न हललेला रोव्हर

आधीच सांगते, मी इंजिनिअर आहे. भूतखेत, नजर, करणी... यातलं काहीही मी मानत नाही. म्हणूनच हे लिहिताना माझाच मला राग येतोय.

आमची टीम मंगळावर उतरवायचा रोव्हर तयार करतेय. लँडर टेकला की रोव्हरने रॅम्पवरून स्वतः खाली यायचं. तिथेच अडला तर सगळी मोहीम वाया! त्याची चाचणी मोताळ्याजवळ, काकांच्या शेतामागच्या मुरमाड टेकाडावर होती. जागा मीच सुचवलेली... भोगा आता. रोव्हरचा मुक्काम गोठ्यात, कारण पत्र्याखाली तेवढीच जागा रिकामी होती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी काकू बैलांचे खांदे तूप-हळदीने मळत होती. मी जाऊन बघते तर रोव्हरच्या पुढच्या दांड्यांनाही तूप-हळद! वर "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" हे बैलांचं आमंत्रणही त्याला देऊन झालेलं.

"अवं काकू, सेन्सर हायेत तिथं!"

"असू दे वं. गोठ्यात हाये, त्याले एकट्यालेच काऊन सोडू?"

मी चरफडत सगळं स्पिरिटने पुसलं.

सकाळी टेकाडावर चाचणी, सगळे वरिष्ठ व्हिडिओवर हजर. कमांड दिली... रोव्हर ढिम्म! बॅटरी फुल, मोटारी ठीक, कमांड पोचल्याची नोंद समोर, आणि चाक तसूभर हलेना. केबल बदलल्या, सॉफ्टवेअर पुन्हा चढवलं. दुपार झाली. त्यात मागून काका — "पोळ्याच्या दिवशी कोणी जुपते का वं?" डोकंच फिरलं माझं.

तेवढ्यात काकू पुरणपोळीचं ताट घेऊन आली. "आवतन देल्लं होतं त्याले. उपाशी ठेवू का?"

ताट समोर ठेवलं... आणि रोव्हरची कॅमेऱ्याची मान सावकाश ताटापर्यंत वाकली. कमांड कोणीही दिली नव्हती! रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? चाकं मात्र हललीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी, करीला, पहिल्याच कमांडला गडी डौलात खाली! त्यानंतर कधीच अडला नाही. रिपोर्टमध्ये आम्ही 'तात्पुरता बिघाड' लिहिलं. कसला, ते आजही कोणाला सापडलेलं नाही.

परवा लँडिंगची तारीख ठरून आली. गुपचूप पंचांग काढलं... श्रावण अमावस्या. पोळा! तारीख बदला म्हणून मेल लिहायला बसलेय आणि कारण काय द्यावं तेच सुचत नाहीये. वैतागून काकूला फोन केला. ती म्हणाली, "तिकडं त्याले जेवू कोण घालन वं?"