दोन व्याही आणि एक कचेरी

माझं माहेर नांदेडचं, सासर लातूरचं. ही दोन गावं एकमेकांशी सोयरीक करतात, एकमेकांच्या लग्नात पोटभर जेवतात, पण नवी आयुक्त कचेरी कुठं व्हावी हा विषय निघाला की पंगतीतून उठायच्या बेतात येतात.

आधी भानगड सांगते. मराठवाड्यातल्या सगळ्या जिल्ह्यांचा महसुली कारभार संभाजीनगरला बसलेल्या विभागीय आयुक्तांकडं. आमच्या टोकापासून तिथं जायचं म्हणजे दिवस मोडला. म्हणून विभागाचे दोन भाग करायचे आणि एक कचेरी इकडं आणायची, असं कित्येक वर्षं चाललंय. इकडं म्हणजे नेमकं कुठं, एवढंच ठरायचं राहिलंय. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं!

माझा नवरा त्याच संभाजीनगरच्या कचेरीत कारकून. मी औशाजवळच्या शाळेत बाई, मला लातूर सोडता येईना. तो आठवडाभर खानावळीचं खातो, शनिवारी घरी येतो, त्यातला अर्धा दिवस झोपतो आणि रविवारी पुन्हा बॅग उचलतो. नवी कचेरी लातूरला झाली असती तर बदली मागून तो रोज घरी जेवला असता. नांदेडला झाली असती तर माझ्या आईच्या हातचं खाल्लं असतं आणि मधल्या वारी घरी टपकलाही असता. मला दोन्ही चाललं असतं. कचेरी गेली खड्ड्यात, मला नवरा घरात पाहिजे होता.

पण मला विचारतंय कोण? माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, लातूरच्या कृती समितीत. सकाळी चहाच्या कपाबरोबर त्यांचं भाषण सुरू व्हायचं. “मुंबईत बसून आमचा फैसला करून राहिले! सत्ता खाली आली पाहिजे, माणसाच्या दारात!” मला हे पटायचं. फक्त आमच्या घरात भाजी कोणती, दूध किती, पाहुण्याला चहा की सरबत, सगळे फैसले मामांच्या खुर्चीतून व्हायचे आणि टीव्हीचा रिमोट त्यांच्या उशाखाली असायचा. एकदा मी म्हणाले, “मामा, रिमोट पण येऊ द्या की जरा खाली, आमच्या दारात.”

“तो विषय केंद्राचा हाय,” मामा म्हणाले. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पदर तोंडाला लावून हसल्या.

नांदेडबद्दल बोलायचं झालं की मामा आत्यांकडं बघून बोलायचे. लेकी बोले सुने लागे! “नांदेडवाल्यांचं काय, रेल्वे हाय, विमान हाय, आता कचेरीबी त्यांनाच. समदंच त्यांच्या पोटात घाला.” मी पोळ्या लाटत ऐकून घ्यायची. मग संध्याकाळी माझ्या बाबांचा नांदेडहून फोन. मोर्चात ओरडून त्यांचा घसा बसलेला. “तुझ्या सासऱ्याला सांग, प्यायला पाणी रेल्वेनं आणावं लागलं त्यांना, अन् कचेरी मागून राहिले!” दोघांचं एका गोष्टीवर पक्कं एकमत होतं, सत्ता मुंबईतून निघाली पाहिजे. तिचा मुक्काम कुठं पडावा, एवढ्यावरच भांडण.

तेही परवडलं असतं. पण मामांनी मुंबईला हरकत पाठवली, की नांदेडला करू नये. बाबांनी पाठवली, की लातूरला करू नये. आम्हाला न्हाई तर न्हाई, पण त्यांनाबी नको. असे गठ्ठेच्या गठ्ठे दोन्ही गावांतून गेले आणि मुंबईवाले निवांत झाले. ज्यांच्या हातून अधिकार काढून घ्यायचा, त्यांनाच आम्ही पंच नेमून बसलो. अरे, काय म्हणावं या शहाण्यांना!

मग अधिकमास आला. बाबांनी जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं आणि व्याह्यांनाही मानानं बोलावलं. आमच्या माहेरी रीत अशी, की पुरणाचे धोंडे वाढून झाले की सासऱ्यानं जावयाला विचारायचं, काय पाहिजे ते मागा. मिळाल्याशिवाय जावयानं घास उचलायचा नाही. बाबांनी अंगठी करून ठेवली होती. मलाही ते ठाऊक होतं, नवऱ्यालाही.

बाबांनी हात जोडले. “जावईबापू, काय पाहिजे ते मागा. न्हाई म्हणणार न्हाई.”

नवऱ्यानं ताट जरा पुढं सारलं. मग म्हणाला, “तुम्ही अन् आमच्या वडलांनी आपापली हरकत मागं घ्या. कचेरी नांदेडला होऊ द्या, लातूरला होऊ द्या, कुठंबी होऊ द्या. बाबा, मला घरी यायचंय. लई कंटाळलो मी.”

मी तुपाची वाटी घेऊन उभी होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस कंटाळलाय हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. बाबांनी मामांकडं पाहिलं, मामांनी बाबांकडं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघं एका सुरात बोलले.

“ते सोडून काय बी मागा.”

“हाव,” मामा घाईनं म्हणाले, “अंगठी माग की.”

मला इतका संताप आला, की वाटी तिथंच आपटावी. पण नवरा हसला. “बरं, अंगठी द्या मग,” म्हणाला आणि त्यानं घास उचलला. मी त्याला तूप वाढलं, जरा जास्तच वाढलं, आणि आत जाऊन रडून घेतलं. बाहेर दोघं व्याही एकमेकांना धोंड्याचा आग्रह करत होते.

संध्याकाळी त्याची संभाजीनगरची गाडी होती. दोघंही त्याला सोडायला स्टँडवर आले. गाडी लागली तशी गर्दी दाराकडं धावली. माझे बाबा वाकून उभे राहिले, मामांनी त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन खिडकीतून रुमाल आत टाकला आणि दोघं मिळून ओरडले, “जागा धरलीय, जागा धरलीय!” पोराला तिथवर उभ्यानं जावं लागू नये म्हणून.