व्हिएन्ना ते व्हेनिस, करंजाडेमार्गे

व्हिएन्नाहून व्हेनिसला मोटारीने निघालं, की पहिला अडथळा पनवेलजवळ करंजाड्यात लागतो.

माझी बायको मंगल हिला तो रस्ता एकदा डोळ्यांनी पाहायचा होता. ती जाऊन आता सव्वा वर्ष झालं. सगळा प्रवास तिने स्वयंपाकघरात बसून वहीत आखला होता. कुठल्या घाटात डबा उघडायचा हेसुद्धा. (तिखटमिठाच्या पुऱ्या. व्हेनिसपर्यंत टिकाव्यात.) आराखड्यात कच्चा दुवा एकच, ड्रायव्हर. तो मी होतो.

"अहो, तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं आणि गाडी उजवीकडून चालवतात. सवय करा."

"वाचून काढतो त्यावर काहीतरी."

"पुस्तकाला ब्रेक असतो का?"

मग रोज संध्याकाळी मी डावीकडच्या खुर्चीत, हातात परात. उजव्या हाताशी बरणीत उभं केलेलं लाटणं, म्हणजे गिअर. चौथ्या दिवशी तिसरा गिअर टाकताना बरणी फुटली. (रिकामी होती, असं मी समजत होतो. तळाशी लोणचं होतं.) मंगल रागावली नाही. तिने वहीत लिहिलं, 'घाटात गिअर हळू.'

रविवारी सकाळी करंजाड्यातल्या मोकळ्या रस्त्यावर खरी गाडी काढली. स्टिअरिंग आपलंच, पण बाजू युरोपची. मी अगदी मनोभावे उजवीकडून निघालो. समोरून भाजीचा टेम्पो आला. तो वळला तिकडेच मीही वळलो, मग दोघेही उलटे वळलो, आणि शेवटी माझं पुढचं चाक गटारात गेलं.

टेम्पोवाला शांतपणे उतरला. "काका, तुमी चाललाय कुठं?"

घाबरल्यामुळे मी खरं बोललो. "व्हेनिसला."

त्याने मागे वळून नीट पाहिलं. "हिकडून रस्ता नाय. म्होरं खाडी हाय."

"मग बरोबर चाललोय," मंगल काच खाली करून म्हणाली. "तिथेही पुढे पाणीच आहे."

तो इतका हसला, की दोरी बांधून त्यानेच आम्हाला बाहेर काढलं. मंगलने लिहिलं, 'व्हेनिसजवळ दोरी हाताशी ठेवणे.'

तिकिटं काढण्याआधीच तिचं आजारपण आलं.

गेल्या महिन्यात ती वही आमच्या मुलीला, ईशाला सापडली. "बाबा, जाऊ या आपण. आईने आखलंय तसंच."

"गाडी मी चालवेन," मी म्हणालो. "माझा सराव झालाय."

ईशाने वहीचं शेवटचं पान पुढे धरलं. मंगलचं अक्षर: 'गाडी ईशाने चालवावी. यांना इतक्यात सांगू नये, परातीत रमलेत.'

सध्या मी रोज संध्याकाळी उजवीकडच्या खुर्चीत, रिकाम्या हातांनी बसायचा सराव करतो.