कंपाउंडरची चूक

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पावटे सोलणं. संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. कारभारीण स्वतःच्या शेंगा गपचूप माझ्या ढिगात सरकवायची आणि वर विचारायची, "तुमचा ढीग कसा वो कमी व्हईना?" जन्मभर हेच केलं तिनं.

नाती जोडायचा तिला भारी नाद. घोटावड्यात आमच्या खोल्या भाड्यानं आहेत. हिंजवडीला कामाला जाणारी पोरं राहतात. खोली दाखवायच्या आधी ही विचारणार, "आजोळ कुठलं गं तुजं?" डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं, म्हणून उत्तर दोनदा द्यावं लागायचं.

त्या संध्याकाळी भाडेकरू स्वाती तोंड पाडून शेजारी टेकली. तिच्या कॉम्प्युटरच्या प्रोग्रामात एक आजोबा, त्याच्या दोन शाखा, आणि दोन्हींकडून वारसा घेणारं एकच नातवंड. आजोबा एकच धरायचा, असं तिनं लिहिलं होतं. पण लिहिलेलं मशीनच्या भाषेत फिरवणारा कंपायलर आजोबा दोनदा बनवत होता. साहेब म्हणे, चूक तुझीच; उद्या सिद्ध कर, नाहीतर घरी बस.

माझ्या डोक्यावरून गेलं. कारभारीण खूश.

"आमच्यावानीच की! मी ह्यांच्या मामाची पोरगी. आमचा दोघांचा आजा एकच, पोराला दोन्हीकडनं पणजा लागतोय. म्हणून पित्रात त्याला दोन पानं वाढतो व्हय?"

"तेच तर मावशी! मी बरोबर लिहिलंय."

"मंग कंपाउंडरला झाप. डाक्टरची चिठ्ठी बरोबर अन् ह्यो गोळी दोनदा देतोय!"

"कंपायलर, मावशी."

"त्येच ते."

पोरगी हसली. मग तिनं प्रोग्राममधलं एकेक काढून टाकत चारच नावं ठेवली. ती कारभारणीनं सांगितलेली : आजा, मी, ती आणि आमचा पोरगा. तरी आजा दोनच! स्वातीची चूक असती तर तिला आता लपायला जागाच नव्हती. तिनं ते कंपायलर बनवणाऱ्यांना परदेशी पाठवून दिलं.

"उत्तर आलं की मला पैलं सांग," कारभारीण म्हणाली, "चांगल्या कानात."

सकाळी ती उठली नाही. झोपेतच गेली. दोन शेजारणी आल्या, रडू लागल्या. तेवढ्यात स्वाती मोबाईल नाचवत जिना उतरली, "मावशी, मान्य केलं त्यांनी!" आणि दारातच थिजली.

मी म्हणालो, "थांबू नगं. वाच."

तिनं कसंबसं वाचलं. चूक कंपायलरचीच, दुरुस्त करतो, असं लिहिलं होतं. शेजारणी माझ्याकडं बघत राहिल्या. बघेनात का. मी कारभारणीच्या उजव्या कानाशी वाकलो आणि मोठ्यानं सांगितलं, "ए, कंपाउंडरच चुकला व्हता गं. आजा एकच."