व्हॅनिला स्वस्त झाला तेव्हा

जर्मनीत, हॅम्बुर्गला, मी काही वर्षं मसाल्यांच्या एका लहानशा दुकानात काम करत होते. एल्झाबाई दर नाताळात घरच्या बिस्किटांसाठी तिथून व्हॅनिलाच्या शेंगा न्यायच्या. एका वर्षी मादागास्करमध्ये वादळ झालं, वेली आडव्या झाल्या आणि शेंगांचा भाव चांदीशी बरोबरी करू लागला. किंमत ऐकून एल्झाबाईंनी हातातली शेंग हळूच खाली ठेवली.

"यंदा इसेन्सवर भागवते," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी उतरेल ना भाव?"

"उतरेल की," मी म्हणाले.

आणि तो खरंच उतरला. दुकानाचे मालक खुशीत होते. माझ्या डोळ्यांसमोर मात्र कधी न पाहिलेली ती मळ्यातली माणसं यायची, शेंग धरावी म्हणून एकेका फुलात काडीने पराग भरणारी. भाव चढला की इथे कुणीतरी हात मागे घेतं, पडला की तिथे कुणाची तरी मेहनत मातीमोल होते. मधल्या समुद्रावरून हे एकमेकांना सांगायचं तरी कुणी?

त्या वर्षी नाताळाच्या आधी एल्झाबाईंचे यजमान एकटेच आले. बाई वसंतातच गेल्या, असं त्यांनी सांगितलं.

"व्हॅनिला स्वस्त झालाय," मी बोलून गेले आणि ओशाळले.

"एक शेंग द्या," ते म्हणाले. "बिस्किटं मला येत नाहीत. दुधात उकळेन. घरात वास तरी राहील."

मी शेंग कागदात गुंडाळून दिली. त्यांनी किंमत विचारलीच नाही.