बाईंच्या काडेपेट्या

“मान नगं डोलावू, पाटी दाव!” शेजारच्या वर्गातून बाईंचा हा आवाज आला की माझ्या कपाळाला आठी पडायची. दिवसातून दहा वेळा यायचा. धडा संपला की बाई फळ्यावर एकच प्रश्न लिहायच्या. पोरं उत्तर लिहून पाट्या डोक्यावर धरायची आणि बाई रांगांतून फिरून बघायच्या. निम्म्या पाट्या चुकल्या तर दुसऱ्या दिवशी तोच धडा, पण वेगळ्या रीतीनं.

शिरूर कासारजवळच्या त्या शाळेत चौथीच्या दोन तुकड्या होत्या, एक त्यांची, एक माझी. त्या येण्याआधी गावात मास्तर म्हणून एकच नाव घेत, माझं. खोटं कशाला बोलू, त्या मला पहिल्या दिवसापासून खुपल्या.

त्यांनी हॉटेलातून रिकाम्या काडेपेट्या गोळा केल्या. एकेका पोराच्या नावाची एकेक पेटी. ज्याला जे जमत नाही ते चिठ्ठीवर लिहून आत टाकायचं, आणि जमलं की पोरानं स्वतःच्या हातानं ती चिठ्ठी फाडायची. मी म्हणालो, “बाई, शाळा हाय का पानटपरी?”

“माझ्या ध्यानात राहत न्हाई वो गुरुजी, म्हणून.”

आता तुम्हीच सांगा, असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. दसऱ्याआधीच निम्मं गाव पोरांसकट साखर कारखान्यांकडे ऊस तोडायला गेलं. होळीनंतर पोरं परतली. मी पुस्तकात जिथवर आलो होतो तिथून पुढं रेटत राहिलो. बाईंनी पेट्या उघडल्या, आणि ज्याचं जिथं अडलं होतं तिथून त्याला धरलं. पंधरा दिवसांत माझ्याच वर्गातली एक पोरगी माझ्यापुढं उभी. “गुरुजी, मला बाईच्या वर्गात बसवा की. तितं चुकलं तर कुणी हासत न्हाई.” अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग मीही पेट्या केल्या. पण चिठ्ठ्या मीच फाडल्या, टाचणवहीत धड्यापुढं ‘शिकवला’ अशी खूण झाली की. शिकवून झालं, म्हणजे पोरांना आलं. आठवड्यात सगळ्या पेट्या रिकाम्या! केंद्रप्रमुख आले तेव्हा मोठ्या दिमाखात त्यांच्यापुढं मांडल्या. त्यांनी त्याच पोरीला अपूर्णांकाचं एक गणित घातलं. तिनं मान डोलावली. पाटी कोरीच राहिली.

भागाकार मात्र माझा हातखंडा. टँकरच्या पाण्याच्या घागरी मी फळ्यावर घराघरांत वाटायचो, आणि “उरलेली कुणाला?” विचारलं की वर्ग ओरडायचा, “शाळेला!” त्या तासाला बाई माझ्या खिडकीशी येऊन उभ्या राहायच्या. केंद्रप्रमुखांपुढच्या फजितीनंतर मला वाटलं, माझ्या चुका टिपायला येतात. एके दिवशी त्यांच्या तोंडावर खिडकी धाडकन लावली. त्या पुन्हा आल्या नाहीत.

पुढच्या वर्षी त्यांची आष्टीकडे बदली झाली आणि त्यांचं कपाट माझ्या ताब्यात आलं. पोरांच्या पेट्या त्यांनी पोरांना देऊन टाकल्या होत्या. एक तेवढी कोपऱ्यात राहिली होती. वर नाव त्यांचं स्वतःचंच. आत एक चिठ्ठी, न फाडलेली.

“भागाकार मला नीट शिकवता येत नाही. गुरुजींचा तास खिडकीतून बघायचा.”

भागाकाराच्या तासाला मी अजून ती खिडकी उघडी ठेवतो. बाहेर कुणी नसतं.